सायीसारखं सूप

अण्णा "छान" म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे चमचे जागच्या जागी थांबले.

हसली ती एकटी सूनबाई. "खरंच, अण्णा?" तिने विचारलं.

"छान," अण्णा पुन्हा म्हणाले. त्यांनी रुमालाने मिश्या पुसल्या, पाण्याचा ग्लास उचलला आणि काचेबाहेर रस्त्याकडे बघत राहिले.

"मग मासा आणते, गरम आहे तोवर," म्हणत ती वाट्या गोळा करून आत गेली. स्वयंपाकघराचं झुलतं दार तिच्या मागे दोनदा हललं आणि गप्प झालं. बाकी सगळ्यांच्या वाट्या जवळजवळ रिकाम्या होत्या. अण्णांच्या वाटीत सूप अर्ध्यावर होतं. ते तिने पाहिलं की नाही, हे तिच्या सासूबाईंना, माईंना, तिच्या पाठीवरून कळेना.

"मेलो," तिचा नवरा, घरातला धाकटा, म्हणाला.

या घरात "छान" शब्दाला काय वजन आहे, हे बाहेरच्याला सांगून पटत नसे. अण्णा उभं आयुष्य छापखान्यांची यंत्रं बसवत गावोगाव फिरले, आणि जिथे गेले तिथे जेवले. पुढे साप्ताहिकात 'कुठे जेवावं' हे त्यांचं सदर सुरू झालं, तेव्हा त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही आणि खोटंही लिहायचं नाही. आता हे दोन्ही एकदम कसं साधायचं? तर त्यांनी शब्दांच्या पायऱ्या केल्या. जेवण उत्तम असेल तर "पुन्हा जाईन". बरं असेल तर "भूक असेल तर जरूर जा". आणि सांगण्यासारखं काहीच नसेल, तर "छान". वाचकांना ही भाषा हळूहळू कळत गेली. एका खानावळवाल्याला मात्र ती कधीच कळली नाही. त्याने "छान जागा" हे कात्रण चौकटीत घालून गल्ल्यामागे टांगलं, आणि लोक त्याच्याकडे जेवायला कमी आणि ती चौकट बघून हसायला जास्त जाऊ लागले.

"हळू बोल," मास्तरीण म्हणाली. ती धाकट्याची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवायची, आणि घरातही कुणाचं उत्तर चुकलं की मनातल्या मनात लाल रेघ ओढायची. "आणि मेलो काय? तिला सांगायला हवं. आत्ताच्या आत्ता."

"तू सांग. नापास करायची सवय तुला आहे."

"आज नापास झालेलं बरं. गुरुवारी दार उघडल्यावर गिऱ्हाइकांनी केलं तर?"

"ताई, तिने नोकरी सोडलीय."

"म्हणूनच म्हणतेय ना!"

"मला तर आवडलं बुवा सूप," मामा म्हणाले. ते माईंचे धाकटे भाऊ, आणि जिथे ताट मांडलं असेल तिथे वेळेवर हजर असण्याबद्दल त्यांची ख्याती होती. "पण माझं काय घेऊन बसलात? मला सगळंच आवडतं. म्हणून तर मला कुणी सदर लिहायला देत नाही."

अण्णा या सगळ्यात नव्हतेच. ते पावाचा तुकडा बोटांत धरून त्याची खालची बाजू निरखत होते. पाव दगडासारखा कडक होता, आणि त्याला थोडी राखही लागली होती.

माईंनी बाहेर पाहिलं. सूनबाईच्या नव्या खानावळीच्या कपाळावर शिडी टेकवून पाटी रंगवणारा खडूच्या रेघा आखत होता. मोठ्या, गोल अक्षरांत: 'अण्णांची शिफारस'. नाव सूनबाईने सुचवलं होतं. अण्णांनी बंदरावर, तळ्याकाठी, डोंगरातल्या थांब्यांवर जे जे खाल्लं आणि वाखाणलं, ते सगळं एका छपराखाली. सदराचे वाचक गावभर होते. नुसतं नाव वाचून निम्मे तरी आत डोकावले असते. जागेसाठी धाकट्याने घरोघर फिरून, हमी देऊन उसने पैसे उभे केले होते, त्या वेळचं घरातलं भांडण अजून ओलं होतं, आणि अण्णांनी त्यात एवढंच म्हटलं होतं, "आधी जेवीन, मग नावाचं बघू." आज ते जेवत होते. रंगवणारा त्यांच्या होकाराची वाट बघत होता. होकार आला तर खडूवर रंग, नाही तर ओला फडका.

सूनबाई मासा घेऊन आली. दार ढकलायला तिने पाठ वापरली, दोन्ही हातांत थाळी. थाळी टेबलावर येण्याआधी माशाचा वास आला.

"आधी वास घ्या," ती म्हणाली. "लाकडाच्या भुशावर धुरी दिलीय. सबंध रात्र."

मामांना ठसका लागला. अण्णांनी माशाचा एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि मग विचारलं, "धूर कशाला?"

"म्हणजे काय? तुम्हीच लिहिलंय. 'तळ्याकाठच्या त्या माशाला धुराची आठवण होती.'"

अण्णांनी चमचा खाली ठेवला. "अगं, तिथलं धुराडं तुंबलं होतं! खोलीभर धूर झाला होता. जेवताना डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं माझ्या. मासा साधाच होता, उकडलेला."

मग मामा फुसकन हसले, आणि त्यांचं बघून धाकटाही.

"आणि पाव?" मास्तरणीने विचारलं. तिला आता उत्तर कुठे चुकलंय ते दिसायला लागलं होतं.

"'उन्हात तापलेल्या दगडाच्या चवीचा,'" सूनबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "मी नदीतला सपाट दगड आणला. घासून घेतला. त्यावर भाजला."

"आणि सूपमध्ये साय..." मास्तरीण म्हणाली.

"'सायीसारखं मऊ,' असं लिहिलंय."

"सायीसारखं!" अण्णा म्हणाले. "सारखं गं! साय घातलेलं नव्हे."

आता मास्तरीणही हसली. माई हसल्या नाहीत. सूनबाई थाळीच्या कडेला हात धरून उभी होती, आणि तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती. ही पोरगी लग्नाआधीपासून प्रयोगशाळेत रक्त तपासायची. काचेच्या नळीवर जी रेघ असेल त्या रेघेपर्यंत, ना थेंब जास्त ना थेंब कमी. उपमा म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण जे छापून आलंय ते कुणीतरी तपासून लिहिलं असणार, असं ती धरून चालली होती.

"आमच्याकडे लिहिलेलं असतं ते असतं," ती म्हणाली. "आणि 'छान' म्हणजे काय तेही मला ठाऊक आहे. लग्न ठरलं तेव्हा यांनी मला घराबद्दल पहिली तीच गोष्ट सांगितली होती. तुमची कुजबुज आत ऐकू येते. दार झुलतं आहे, बंद होत नाही नीट."

धाकट्याने मान खाली घातली. "मग हसलीस कशाला?"

"रडत बसले असते तर मासा करपला असता."

तिने खुर्ची ओढली आणि अण्णांच्या समोर बसली. "बरं, मासा जाऊ दे. पाव मी बदलते. पण सूप गुरुवारचं पहिलं ताट आहे. 'आयुष्यात प्यालो त्यातलं सर्वोत्तम', असं तुम्ही लिहिलंय. त्यात नक्की काय होतं?"

अण्णांनी डोळे मिटले. चेहरा एकदम तरुण झाला. "काय सांगू तुला! बंदरावर बोट यायची होती, तिचा पत्ता नाही. बाहेर असा वारा की माणूस वाकून चालावा. मी खिडकीशी एकटाच बसलेलो. आणि ती वाटी समोर आली, तर तिच्यातून जी वाफ..."

"कसं होतं ते नको, अण्णा. काय होतं ते सांगा."

अण्णांनी डोळे उघडले. "कांदा होता," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बहुतेक."

"भाऊजी, एक मी सांगू?" मामा म्हणाले. "तुमचा लेख वाचून मी गेलो होतो तिथे. तीन बस बदलून. गरम पाण्यात दोन गाजरं पोहत होती. मी आपली सगळी वाटी प्यालो आणि स्वतःशी म्हटलं, माझीच जीभ नालायक."

"स्वयंपाकी बदलला असेल," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पाटीवाल्याने ब्रश वर करून दाखवला. रंगवू का?

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग समोरच्या माशाकडे. "नको," ते म्हणाले. "माझं नाव नको पाटीवर."

"अण्णा!"

"जे मी खाल्लंच नाही त्याची शिफारस कशी करू? लोक माझ्या शब्दावर येतात. माझ्याकडे दुसरं आहे काय?"

धाकट्याची खुर्ची मागे सरकली. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. एरवी हलक्या हाताचा आणि हलक्या आवाजाचा माणूस, पण आता त्याचा आवाज चढला. "परक्यांच्या खानावळींवर आयुष्यभर पानंच्या पानं लिहिलीत. आणि घरचं माणूस उभं राहतंय, तर नाव द्यायला जीभ अडते?"

"घरचं आहे म्हणूनच अडते."

"अण्णांचं बरोबर आहे," मास्तरीण म्हणाली.

"तुझं त्यांच्या बाजूने असणं काही नवीन नाही."

"बाजू कसली त्यात? जे चूक ते..."

"जव होते," माई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की वाक्य एकदा टेबलावरून तसंच निघून गेलं. मग सूनबाईने मान वळवली. "काय म्हणालात, आई?"

"सूपमध्ये. जव, कांदा, गाजर. खाली माशाचं डोकं टाकलं होतं, आणि शेवटी काढून घेतलं. स्वयंपाक करणारी म्हातारी विसराळू होती. मीठ दोनदा घातलं तिने."

"तुला काय माहीत?" अण्णांनी विचारलं.

"मी होते तिथे."

"कुठे?"

"तिथे. खिडकीशी. तुमच्या शेजारी." माईंनी रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "ही पोटात होती," त्यांनी मास्तरणीकडे बोट दाखवलं. "मला खोलीतला वास सहन होईना, म्हणून मागच्या दाराशी जाऊन बसले. म्हातारीने मला स्टूल दिलं. सूप माझ्या डोळ्यांदेखत झालं."

"म्हणजे पहिली नापसंती हिचीच," मामा भाचीकडे बघत म्हणाले. "जन्माआधीच लाल रेघ!" पण कुणी हसलं नाही म्हणून त्यांनी पावाकडे लक्ष वळवलं.

"आई, आज कशाला हे?" मास्तरीण म्हणाली. "इतक्या वर्षांनी?"

"तिने विचारलं म्हणून."

अण्णा कावरेबावरे झाले होते. "होतीस. होतीसच की! मी काय विसरलोय का?"

"तुम्ही नाही विसरलात," माई म्हणाल्या. "लेख विसरला."

"अगं, संपादक म्हणाले होते, प्रवासी एकटा हवा. बायको बरोबर असली की वाचकाला ती सहल वाटते."

"मला सांगायचंत. मीच म्हटलं असतं, गाळा मला. न विचारता गाळलंत, आणि मग दर वेळी सांगताना तसंच सांगत गेलात. मुलांना सांगितलंत, पाहुण्यांना सांगितलंत. मी शेजारी बसून ऐकत होते."

धाकटा वडिलांकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता नावाचा प्रश्न उरलेला नव्हता. मास्तरीणही त्यांच्याकडेच बघत होती. इतका वेळ दोन बाजूंना वाटलेलं टेबल एकाएकी अण्णांना सोडून सगळं एका बाजूला झालं होतं. माईंना ते आवडलं नाही. नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायला त्या बोलल्या नव्हत्या. समोरची पोरगी सूप कसं करायचं ते विचारत होती, आणि ते एवढ्या मोठ्या जगात एकट्या माईंना माहीत होतं.

त्या उठल्या. "जव आहेत का तुझ्याकडे?"

"पावासाठी आणलेत," सूनबाई म्हणाली.

"आणि माशाचं डोकं?"

"ठेवलंय. टाकवत नाही मला."

"मग चल."

आतलं स्वयंपाकघर नवं आणि अरुंद होतं. ओट्यावर वजनाचा छोटा काटा, मोजमापाची भांडी उतरत्या क्रमाने टांगलेली, प्रत्येक डब्यावर तारीख. माईंनी कांदा हातात घेतला तेव्हा सूनबाई विचारू लागली, किती ग्रॅम? माई म्हणाल्या, "एक कांदा," आणि तिने काटा बाजूला सरकवला. जव आधी कोरडे परतायचे, दाण्याला वास सुटेपर्यंत. मग कांदा. पाणी थंड, एकदम सगळं. डोकं फडक्यात बांधून सोडायचं, म्हणजे काटे सुटत नाहीत. सूनबाई प्रत्येक गोष्टीला "का?" विचारत होती आणि माई सांगत होत्या. जिथे माहीत नव्हतं तिथे "म्हातारी असं करायची" एवढंच. तासभर त्या दोघी तिथे होत्या. बाहेरून मधूनमधून मामांचा आवाज येत होता. पाटीवाल्यालाही त्यांनी आत बोलावून धुराचा मासा वाढला होता, आणि त्याला तो आवडला होता.

"मीठ दोनदा घालायचं?" शेवटी सूनबाईने विचारलं.

"तिने घातलं होतं."

"मग घालू."

वाट्या बाहेर आल्या. रंग राखाडी, पातळ, वर गाजराच्या चकत्या. अण्णांनी वाटी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी आधी वास घेतला आणि मग चमच्याने एक घोट. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पातळ आहे," अण्णा म्हणाले.

"होतंच," माई म्हणाल्या.

"खारट आहे."

"होतंच."

आणखी एक घोट. मग आणखी एक. "हेच ते," ते म्हणाले.

"हे?" सूनबाईने स्वतःची वाटी चाखून तोंड वाकडं केलं. "याला तुम्ही 'पुन्हा जाईन' लिहिलंत?"

"थंडी होती," अण्णा म्हणाले. "सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. माझी वाटी तर दोन घोटांत संपली. आणि मग हिने..."

"'दुसरी वाटी मागितल्याशिवाय राहवलं नाही,'" मास्तरणीला लेख पाठ होता.

"मागितली नव्हती," अण्णा म्हणाले. "तेवढे पैसे सुटे नव्हते खिशात. हिने स्वतःची सरकवली माझ्याकडे. बोलली काही नाही. नुसती सरकवली." त्यांनी वाटी खाली ठेवली. बोलताना ते माईंकडे बघत नव्हते, वाटीकडे बघत होते. "चव त्या वाटीची होती. पहिली मला आठवतसुद्धा नाही."

माईंना वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल आणि ते बिघडेल. पण सूनबाई तिच्या पद्धतीने विचार करत होती.

"ते मला गिऱ्हाइकाला देता येणार नाही," ती म्हणाली. "मीठ मात्र कमी करता येईल."

मामा मोठ्याने हसले, आणि मग सगळेच. अण्णांनीही मिश्यांआड हसू दाबलं. "जव थोडे जास्त घाल," ते म्हणाले. "आणि अर्धे घोटून घे, म्हणजे दाटपणा येईल. डोंगरातल्या एका थांब्यावर तसं करत."

"हे 'काय' आहे की 'कसं'?"

"'काय' आहे. मी बघितलंय."

"मग करते." ती उठली आणि पाटीवाल्याकडे वळली. तो ताट चाटूनपुसून संपवत होता. "काका, 'अण्णांची शिफारस' पुसून टाका."

धाकटा दचकला. "अगं, आता तर ते..."

"नको. त्यांना उधारीवर शिफारस द्यायला लावायची नाही. महिनाभर जेवू देत. लिहावंसं वाटलं तर लिहितील."

"मग पाटीवर काय लिहू?" पाटीवाल्याने विचारलं. "मोकळी ठेवली तर लोक भाड्याने आहे समजतील."

सूनबाईने थोडा विचार केला. "'जेवण तयार आहे' एवढंच लिहा. गुरुवारपर्यंत ते खरं होईल."

"लोक कमी येतील," मास्तरीण म्हणाली. या वेळी आवाजात लाल शाई नव्हती, काळजी होती. "अण्णांच्या नावाने आले असते तेवढे नाही येणार."

"कमीच येऊ देत पहिल्यांदा. तेवढ्यांना नीट वाढता येईल."

पाटीवाला फडका भिजवायला गेला. अण्णा उठले, खिडकीजवळच्या छोट्या टेबलाकडे गेले आणि त्याचा पाय हलतोय का ते बघितलं. "गुरुवारी हे आमचं," ते म्हणाले. "दोघांचं. पैसे देऊन जेवणार, आधीच सांगतो."

"एकाचं ठेव," माई सूनबाईला म्हणाल्या.

"का गं?"

"मी आत असेन. हिला अजून कांदा हाताने मोजता येत नाही."

"मग मी एकटा बसू खिडकीशी?"

"बसा की. एकदा बसून बघा कसं वाटतं ते. मग लिहा."

मामांनी छताकडे पाहिलं. धाकट्याने बायकोकडे पाहिलं, आणि तिच्या बोटांना पुन्हा रंग आलेला होता.

दुपार कलली होती. अण्णांनी चपला घातल्या, दाराशी उभे राहून टोपी सारखी केली, आणि गेली कितीतरी वर्षं म्हणत आले तसं म्हणाले, "चल, निघू या."

"तुम्ही व्हा पुढे," माई म्हणाल्या. "आम्हाला जव निवडायचेत."

ते थोडा वेळ उंबऱ्यातच थांबले. मग टोपी काढून खुंटीला लावली, आत येऊन बसले आणि म्हणाले, "आण इकडे. खडे मला लवकर दिसतात."